मानस

पहिल्या दिवशी यंत्राने लिहिले:
मानस म्हणजे मन.
चूक म्हणता येईना.
शब्दकोश त्याच्याच बाजूने उभा होता.

पण चोडणात मानस म्हणजे
खाजनाच्या बांधातले लाकडी दार.
भरतीचे पाणीच ते लोटून लावते,
ओहोटीचे पाणीच उघडते,
आणि आत कोरगूट उभे असते
खाऱ्यापासून हातभर लांब.

माझी नोकरी पाटोला, तिसऱ्या मजल्यावर.
यंत्रापुढे पुरावे ठेवायचे, प्रश्न विचारायचा,
आणि उत्तर पुराव्यातून आले
की पाठांतरातून, ते हुंगायचे.

प्रश्न होता: खालच्या बांधाच्या मानशीला दारे किती?
पुरावे असे:
कोमुनिदादच्या वहीतले एक पान,
पोर्तुगीज, मधोमध वाळवीने खाल्लेले.
प्रणिता च्यारीने काढलेला फोटो, ओहोटीच्या वेळचा,
कोपऱ्यात तिचीच चिखलाने भरलेली चप्पल.
आणि कायतान कुलासोंचा आवाज,
दोन मिनिटे अकरा सेकंद,
त्यातला बराचसा वारा.

उत्तर झुळझुळत आले.
तीन दारे, आणि जलव्यवस्थापनाचा समृद्ध वारसा.
वारसा कोणी विचारला होता?
फोटोत दारे दोन होती.
फोटो त्याने उघडून बाजूला ठेवला होता,
लग्नातली पत्रिका ठेवतात तसा.

(शाळेत मीही आकृती न बघता
आकृतीखालचे उत्तर लिहीत असे.
गुण मिळत.)

मग आम्ही शिकवले: प्रत्येक वाक्याला बोट लाव,
कुठून आणलेस ते दाखव.
ते बोट लावू लागले.
ठामपणे, आणि पुष्कळदा शेजारच्याच ओळीवर.
आठवड्याने लिहिले:
"तिसरे दार श्री. पिंटो यांच्या सांगण्यावरून बुजवले.
पाहा, ध्वनिफीत, सेकंद एक्केचाळीस."

एक्केचाळिसावा सेकंद मी सात वेळा ऐकला.
वाऱ्याच्या मागे कायतान खरेच म्हणत होते,
पिंटो, पिंटो.
वहीत पिंटो नव्हता.
मतदारयादीत नऊ होते.

रायबंदरहून फेरी धरली.
कायतान बांधावरच भेटले,
उघड्या पायांनी, खिशात सुपारी.
मी विचारले, हे पिंटो कोण?
ते इतके हसले की खाली बसले.
"अगो, म्हजो सुणो तो!"
आणि हाक मारली.
तपकिरी, एक कान फाटका,
पोटापर्यंत भिजलेला साक्षीदार
धावत आला आणि माझा हात चाटू लागला.

तिसऱ्या दाराचे त्यांनी काठीनेच दाखवले.
बापाने बुजवले, चिरे लावून.
त्या वर्षी लाकूड मिळाले नाही.
"हांव णव वर्सांचो आशिल्लों," म्हणाले,
आणि मग दोघेही थोडा वेळ
पाणी दाराला टेकताना बघत राहिलो.

हे मी यंत्राला सांगितले नाही.
तेच पान, तोच फोटो, तोच वारा
पुन्हा पुढे ठेवला, महिन्याभराने.
आले ते असे:
वहीत तीन. फोटोत दोन.
उजवीकडे चिऱ्यांचा तुकडा वेगळ्या रंगाचा,
तिथे पूर्वी दार असू शकेल.
आवाजात एक नाव ऐकू येते.
ते कोणाचे, मला कळत नाही.

शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले.
वारसा कुठेच नव्हता.
पूर्ण गुण दिले,
शेऱ्याच्या रकान्यात काहीच सुचले नाही.

जाता जाता फोटो मोठा करून बघितला.
डाव्या कडेला काहीतरी तपकिरी होते,
जे मी पहिल्यापासून
मानशीचे लाकूड समजत आले होते.
त्याला शेपूट होते.